भाताला जीभ असते

तिला सगळे फौजदार म्हणत. पोलिसात त्यांच्या घरातलं कुणी नव्हतं. नवरा सायकली दुरुस्त करायचा आणि इतका गरीब, की मांजराला हाकलतानासुद्धा ‘जरा सरक गं’ म्हणायचा. पण भातात उगवणारं तण आणि ही बाई यांचं हाडवैर! बांधावरून जाताना वाकून चार काड्या उपटल्याशिवाय तिचा पाय पुढे पडायचा नाही, मग शेत कुणाचंही असो. एकदा अंगात ताप फणफणलेला असताना दवाखान्याच्या वाटेवर तिनं रिक्षा थांबवली होती. नवऱ्याला वाटलं, हिला उलटी होतेय. ही आपली उतरून चिखलात!

निंदणीला जाणाऱ्या बायकांची टोळी होती, आणि तिची पुढारी अर्थातच फौजदार. आज एकीचं शेत, उद्या दुसरीचं, सगळ्यांनी मिळून निंदायचं. नियम एकच, प्रत्येक घरानं दोन माणसं द्यायची. ज्या घरातून एकच येईल, त्याचं टोळी अर्धंच शेत निंदणार. इतकी वर्षं फौजदारबरोबर तिची लेक यायची. लेक नोकरीला लांब गेली आणि तिच्या जागी नवी सून आली.

सूनबाई शहरातली. लग्नाआधी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, भात पाहिलेला तो ताटात. पण फौजदारनं टोळीला छाती ठोकून सांगितलं, “पोरगी हुशार आहे माझी. बघाल तुम्ही.” सासूच्या तोंडून सुनेचं कौतुक ऐकून दोघीतिघींना ठसकाच लागला.

पहिल्याच दिवशी टोळी विहिरीवरच्या काकूंच्या शेतात उतरली. काकूंनी रोपं लावली नव्हती, बी फोकून पेरलं होतं, त्यामुळे ओळ अशी नव्हतीच. सगळं हिरवं एकमेकांत मिसळलेलं. प्रत्येकीला एक पट्टा वाटून दिला. पट्टा म्हणजे काही साधी गोष्ट नाही हो! कापणीपर्यंत तो त्या बाईच्या नावानं ओळखला जातो. त्यात गवत दिसलं, की येणारा-जाणारा म्हणणार, ही अमकीची करामत.

काय उपटायचं हे विचारायची सुनेला लाज वाटली. सासूनं एवढं कौतुक केलेलं, आता विचारणार कुठल्या तोंडानं? तिनं बघितलं, काही रोपं उंच, गडद, धष्टपुष्ट. काही बारकी, फिकट. शेताला खत घालतात, म्हणजे गुटगुटीत ते भात आणि मरतुकडं ते तण. लागली कामाला. कंबर मोडेस्तोवर उपटलं बिचारीनं, आणि उपटलेलं बांधावर नेऊन टाकायचं असतं हेही ठाऊक नसल्यानं तिथंच पाण्यात टाकत गेली.

शेजारच्या पट्ट्यात पिठाच्या गिरणीवाली होती. ती पाठ सरळ करायला उभी राहिली आणि किंचाळली, “अगं बाई बाई बाई! हिनं भात उपटलं आणि पाखड राखलं!”

पाखड म्हणजे भातात भातासारखंच होऊन राहणारं गवत. भल्याभल्यांना चकवतं. पण गिरणीवालीच्या तोंडाला कोण आवरणार? “चष्म्याच्या दुकानातली ना गं ही? मग निघताना एक स्वतःला आणायचा होतास की!” सगळ्या जणी पोट धरून हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. “उद्यापासून हिला आणू नका,” एवढंच बोलून त्या विहिरीकडे निघून गेल्या.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. ती टोळीतून गेली म्हणजे घरचं अर्धं शेत गवताच्या घशात, तेही तिच्यापायी. ती रडतच म्हणाली, “आई, मला घरी पाठवा.”

“घरी काय आहे? खाली बघ आधी.”

उपटलेलं भात पाण्यात पडून होतं म्हणूनच अजून टवटवीत होतं. बांधावर टाकलं असतं तर उन्हानं केव्हाच वाळून गेलं असतं. “चूक केलीस तीही दुहेरी केलीस, म्हणून वाचलो,” फौजदार म्हणाली आणि खदाखदा हसली. त्या हसण्यानं पोरीचा जीव भांड्यात पडला.

बायका घरी गेल्या. सासू-सून अंधार पडेपर्यंत पट्ट्यात वाकलेल्या. पाखड काढायचं, त्या जागी भात परत खोवायचं. मधेच फौजदारनं दोन्हींची एकेक काडी सुनेच्या हातात दिली. “पान काडीपासून सुटतं ना, तिथं बघ. पांढरी, पातळ जीभ दिसते? ते भात. ह्या मेल्याला जीभच नाही, हे मुकं. जीभ नाही तो चोर, लक्षात ठेव. आपल्या टोळीत चोर नाही, गिरणीवालीला तर दोन-दोन जिभा आहेत.” सून रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंच्या शेतावर टोळी जमली. हे शेत मोठं, प्रत्येकीच्या वाट्याला तीन-तीन पट्टे. सून आलेली बघून गिरणीवालीनं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात फौजदार तिलाच म्हणाली, “पुढची जागा आजपासून तू घे. मी हिच्या मागून येते. हिच्या हातून सुटेल ते मी काढीन. तरी काही राहिलं, तर काकू, उद्या आम्ही दोघी येणार नाही.”

लग्न होऊन आल्यापासून जिनं टोळीच्या पुढची जागा सोडली नाही, ती सुनेच्या पाठीमागे चिखल तुडवणार? सुनेला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फौजदार मागे जाऊन उभीसुद्धा राहिली, पदर खोचून.

पहिल्या पट्ट्यात सासूच्या दोन्ही मुठी पाखडानं भरल्या. बांधावर टाकून आली आणि परत मागे. दुसऱ्या पट्ट्यात सून प्रत्येक काडी बोटांनी चाचपत, जीभ शोधत, गोगलगायीच्या चालीनं चालली. बाकीच्या केव्हाच पार झालेल्या. “आम्ही इथंच मुक्काम करायचा का?” गिरणीवाली ओरडली. फौजदार मागून म्हणाली, “तू तिच्याकडे बघू नकोस पोरी, भाताकडे बघ.”

उन्हं कलली तेव्हा शेवटचा पट्टा संपवून सून बांधावर चढली. मागे वळून बघायचं तिला धाडस होईना. फौजदार मागून आली, गुडघ्यावर हात देऊन बांधावर चढली, आणि गिरणीवालीपुढे जाऊन तिनं दोन्ही मुठी उघडल्या. नुसता चिखल. एक काडी नव्हती.

“काय मेली पोरगी ही,” फौजदार म्हणाली, “म्हातारीला कामच ठेवलं नाही!” आणि एवढी कडक बाई, सगळ्यांदेखत डोळे पुसायला लागली.