बसणार कुठे?

कुणी काही ठरवलं, की काका चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “छान. पण बसणार कुठे?”

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या आमच्या मराठी मंडळाला या प्रश्नाची सवय होती. दिवाळीसाठी हॉल बुक केला, असं कुणी म्हटलं की पॉटलकच्या, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या, जेवणाच्या रांगेतून तो यायचाच. कार्यकर्ते मला म्हणायचे, “तुझे शेजारी आहेत ना, जरा आवर यार त्यांना.” मी आवरलं नाही. तो प्रश्न मुळात त्यांचा नव्हता, हे मला माहीत होतं.

काका नागपूरचे, अर्थशास्त्राचे. गरीब देशांना कर्ज देणाऱ्या एका मोठ्या संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली. आफ्रिकेतल्या एका देशाचं जुनं कर्ज माफ व्हायचं होतं. देशाचं नाव ते घेत नसत, नुसतं ‘तिकडे’ म्हणत. अट अशी, की सरकारने आधी शाळा-दवाखान्यांच्या सुधारणा पुऱ्या कराव्यात. एक सुधारणा रखडली होती. साहेब म्हणाले, थांबू या. काका भर मीटिंगमध्ये म्हणाले, “आपण थांबू शकतो. तिकडे हप्ते भरण्यापायी सरकारला शाळेची फी रद्द करता येत नाही, आणि फी आहे तोवर मुली घरी राहतात.” बरीच हुज्जत झाली. कर्ज माफ झालं. काकांची बढती मात्र त्यानंतर कधीच झाली नाही.

“वाईट नाही वाटलं?” मी विचारलं होतं.

“वाटलं ना. लिफ्टपाशी साहेब दिसला की मी जिन्याने जायचो. गुडघे त्यातच गेले.”

फी रद्द झाल्यावर काका हौसेने तिकडची एक शाळा बघायला गेले. वर्ग भरून मुलं व्हरांड्यात आलेली, व्हरांडा भरून झाडाखाली. खिशात दोन शब्दांचं भाषण तयार होतं. मुख्याध्यापिकेने ते काढूच दिलं नाही. म्हणाली, “मुलं पाठवलीत, बरं केलंत. पण ही बसणार कुठे? आणि शिकवणार कोण?”

“भाषण तसंच खिशात घेऊन परत आलो रे,” असं सांगून काका हसायचे. ते हसू फार टिकायचं नाही.

निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात ते स्वखर्चाने तिकडे जाऊ लागले, नव्या शिक्षकांना गणित शिकवायला. काकू म्हणायच्या, “लोकांचे नवरे फ्लोरिडाला जातात.” पण बॅग त्याच भरायच्या. पुढे हृदयाने त्रास दिला आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं, तेव्हा काका सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून व्हिडिओ कॉलवर शिकवू लागले.

या जानेवारीत काका वारले. चारेक दिवसांनी सकाळी मी काकूंकडे चहाला बसलो असताना काकांचा लॅपटॉप वाजला. तिकडे कळवायचं राहूनच गेलं होतं. काकूंनी कॉल घेतला. पडद्यावर पाचसहा तरुण शिक्षक होते.

“सर गेले,” काकू इंग्रजीत म्हणाल्या.

पलीकडे कुणी कॉल बंद केला नाही. एक मुलगी ओढणीसारख्या फडक्याने डोळे टिपत होती. काकूंनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही सगळे जेवलात का?”