पहिल्या अंकातलं प्रेत

कल्पना करा, तुम्ही रंगमंचावर पालथे मरून पडला आहात. गालाखाली धुळकट सतरंजी, पाठीत सुरा, समोर भरलेलं नाट्यगृह. अंक संपेपर्यंत पाठ हलता कामा नये.

मुडदेकाका वर्षानुवर्षं हेच करत आले होते. दिवसा छापखान्यात पुस्तकबांधणी, संध्याकाळी खून. बायको गेल्यापासून घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. "काका, चला, मरायची वेळ झाली," अशी हाक मारणारी माणसं फक्त इथेच होती.

श्वासाची युक्ती त्यांची त्यांनी बसवली होती. गुप्तहेर बोलत बोलत खिडकीकडे गेला की सगळ्या नजरा त्याच्यामागे जायच्या. तेवढ्यात काका श्वास उरकून घ्यायचे.

परवा गुप्तहेराच्या कामात नवा नट आला. त्याच्यासाठी पुन्हा तालमी झाल्या, हालचाली बदलल्या. पण प्रेताला तालमीला कोण बोलावतं? प्रयोगात हा पठ्ठ्या खिडकीकडे गेलाच नाही, थेट काकांशेजारी गुडघे टेकून बसला. काकांनी दम धरला, धरला, आणि शेवटी पाठीतला सुरा वरखाली होऊ लागला.

"अहो, डॉक्टर बोलवा, जिवंत आहे," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. हशा काही केल्या थांबेना. खुनाचं रहस्य त्यातच वाहून गेलं.

रंगपटात दिग्दर्शकाने काकांच्या हातात चहा दिला, तेव्हाच त्यांनी काय ते ओळखलं. उद्यापासून प्रेताच्या जागी चादरीखाली उशा ठेवायचं ठरलं होतं. काकांनी विनवून पाहिलं, तालमीला येतो म्हणाले, दम वाढवतो म्हणाले.

"तुमची चूक नाही, काका. पण उशी श्वास घेत नाही."

काकांनी अंगातला रक्ताळलेला सदरा काढला, घडी घालून ठेवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "बायको, भाऊ, नोकर, सगळे मला वळसा घालून साक्षी देतात. एकजणही रडत कसा नाही?"

"रडून चालत नाही. जो रडला त्याच्यावरचा प्रेक्षकांचा संशय उडतो."

काकांनी मान डोलावली. कारण चोख होतं. दारापर्यंत जाऊन ते पुन्हा वळले.

"ते कळलं. पण नाटक राहू द्या बाजूला. त्या घरात एकाला तरी खरंच वाईट वाटलं असेल का हो?"