पट्ट्याची लांबी

सत्तर सालच्या सुमारास माझी बदली कलकत्त्याजवळच्या हवाई तळावर झाली. मी हवाई दलात फ्लाइट सार्जंट होतो. विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती हे माझं काम. बालीगंजला दोन खोल्या घेतल्या. बायकोला तिथला मासळीबाजार आवडला, मला तळापर्यंतची बस कधीच आवडली नाही.

आमची मालवाहू विमानं डोंगरातल्या चौक्यांवर तांदूळ आणि मीठ टाकत. उघड्या दारातून पोती ढकलायला लष्कराची माणसं असत. त्यांचा प्रमुख हवालदार शिंदे, साताऱ्याकडचा. प्रत्येकाच्या कमरेचा सुरक्षापट्टा विमानाच्या पुढच्या भागातल्या कडीला बांधलेला असे. तो दाराच्या अलीकडेच ताणला जाई. लांब केला तर पोत्यांत गुंतायचा आणि माणसालाच ओढून न्यायचा. म्हणून शेवटची पोती ढकलताना सगळे पट्टा सोडत. नव्या माणसालाही हेच शिकवलं जाई.

एकदा बायको खिडकीचा पडदा सरकवत होती, तेव्हा मला सुचलं. विमानाच्या छताखाली दारापर्यंत नळी घालायची आणि पट्ट्याची कडी तिच्यावरून सरकू द्यायची.

शिंदे हसला. "सार्जंटसाहेब, आता इमानात पडदं लावनार व्हय?"

"तू खाली पडू नयेस म्हणून लावतोय."

"मग लौकर लावा."

आमचे इंजिनिअरिंग ऑफिसर फ्लाइट लेफ्टनंट सेन यांनी आराखडा नीट केला. हावड्याच्या एका लेथवाल्याकडून नळी आणि कड्या करून घेतल्या. बसवायची परवानगी मागितली, तर वरून उत्तर आलं की विमानाच्या रचनेत युनिटने हात घालू नये, तपासणी होईल. नळी स्टोअरमध्ये पडून राहिली. आमच्याकडे घाई फक्त माणसांना असते, कागदांना नाही.

सेनसाहेबांनी मला पट्ट्याची अडचण पाहून यायला एका उड्डाणावर पाठवलं. दरी अरुंद होती. हिरवा दिवा लागला, पोती जाऊ लागली. शेवटचं पोतं उंबऱ्याला अडकलं. शिंदेने पट्टा सोडला, बसून दोन्ही पायांनी पोतं रेटलं. पोतं सुटलं. त्याच क्षणी विमानाला हिसका बसला आणि दार रिकामं झालं.

मी इंटरकॉमवर पायलटला गाठलं. "सर, शिंदे गेला."

"से अगेन."

"शिंदे खाली पडला, सर."

पायलटने दरीवर घिरट्या घातल्या. मग संपत आलेल्या इंधनाने परतायला लावलं. चौकीच्या जवानांनी त्याला शोधलं, तेव्हा तो जिवंत नव्हता. परतीच्या वाटेवर मला राग आला होता आणि रडूही. त्याचा मोकळा पट्टा मी कडीवरून सोडवला.

दुसऱ्या दिवशी सेनसाहेब म्हणाले, "पाइप लगाओ. मेरी ज़िम्मेदारी."

आम्ही नळी बसवली. पुढे वरचे अधिकारी येऊन पाहून गेले, सेनसाहेबांना बोल लावून गेले आणि तीच रचना सगळ्या विमानांत करायला सांगून गेले.

नळी बसवल्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाला मी गेलो. शिंदेच्या जागी त्याचा जोडीदार नाईक थापा होता. शेवटच्या पोत्याला सवयीने त्याचा हात पट्ट्याच्या हुकाकडे गेला आणि थांबला. पट्टा बांधलेलाच ठेवून तो दारापर्यंत चालत गेला. पोतं ढकललं. दारात उभं राहून बराच वेळ खाली पाहत होता.

मग माझ्याकडे न वळता म्हणाला, "बस इतना ही चाहिए था उसको."