मेंढी ओरडत नाही

मी गाव सोडलं त्या दिवशी अण्णा स्टँडवर आले नाहीत. कळप कुणाच्या भरवशावर टाकणार? धारूरहून एसटी सुटली आणि घाटाच्या वळणावर थांबली, कारण रस्ताभर मेंढ्या होत्या. आमच्याच. ड्रायव्हरनं हॉर्न बडवला, डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ मेंढीवाले, रस्ता काय बापाचा हाय का?" तेवढा वेळ तरी तो माझ्या बापाचाच होता. अण्णा काठी आडवी धरून एकेक खिडकी बघत होते. काचांवर ऊन होतं, मी त्यांना दिसले नसणार. मी हात बाहेर काढेपर्यंत कळप पांगला आणि गाडी पुढे गेली.

आईनं सकाळी डबा बांधताना एकच सांगितलं होतं. "भ्या वाटलं तरी पळू नगस. पळत्याच्याच मागं लागतेत." ती कुत्र्यांबद्दल बोलत होती की माणसांबद्दल, ते मी विचारलं नाही.

हे मी वस्तीवर राहिलेल्यांसाठी लिहितेय. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे शहरात खोल्या वाटून राहता आणि गावाकडचं कुणी विचारलं की "मस्त आहे" म्हणून मोकळे होता. मस्त नाही. आपल्याला ते माहीत आहे.

भागाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, वस्तीच्या कडेला पत्र्याचं घर करून राहिली. मी शाळेत होते तेव्हा एका पावसाळ्यात कोकरं पटापट मरायला लागली. जनावरांच्या डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं, लस सांगितली. पण रोगाला तोंड नसतं, आत्याला होतं. एक बाई म्हणाली, भागानं भानामती केली. दुसरीनं मान डोलावली. झालं, संपलं. तिला कुणी मारलं नाही, वस्तीबाहेर काढलं नाही. फक्त तिच्या हातचं पाणी बंद झालं. बारशाची बोलावणी बंद झाली. ती समोरून आली की बाया पोरांना पदराआड घ्यायला लागल्या. आमच्या घराशिवाय तिला दुसरं दार राहिलं नाही, आणि हे आजतागायत चालू आहे. हा छळच आहे. रक्त सांडलं नाही म्हणून त्याला दुसरं नाव द्यायचं नसतं.

तो राग घेऊनच मी पुण्यात आले. एका संघटनेत पत्रकं लिहायला शिकले. मागणी पहिल्या ओळीत, कारण दुसरी कुणी वाचत नाही. वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. "भानामती नसतेच, भानामतीचा आळ घेणं हा गुन्हा आहे!" हे माझं वाक्य. चौकात उभं राहून मी ते हजारदा हातात दिलं असेल आणि तितक्याच वेळा पुढच्या कोपऱ्यावर पडलेलं पाहिलं असेल.

एक दिवस सिग्नलजवळ एका रिक्षावाल्या काकांना पत्रक देत होते. त्यांनी हात पुढे केला, पण माझ्याकडे बघितलंच नाही. कानात हेडफोन, डोळे विस्फारलेले, तोंड अर्धं उघडं. भोवती गाड्यांचा गोंगाट आणि हा माणूस तिथे नव्हताच. मी खुणेनं विचारलं, काय ऐकताय? त्यांनी एक कान मोकळा केला, म्हणाले, "भुताची गोष्ट हाय ताई, आत्ता बोलू नका." पोट, भाडं, पोलीस, सगळं विसरायला लावलं होतं एका आवाजानं. मी तिथेच थक्क झाले. माझ्या पत्रकानं एकाही माणसाचा चेहरा असा केला नव्हता. त्या दिवशी ठरवलं, भयकथा लिहायची.

संघटनेतले हसले. "अंधश्रद्धेविरुद्ध लढणारी बाई भुतं लिहिणार!" हसू देत. भीती ही फार मोठी ताकद आहे आणि ती आपण फुकट भोंदूबाबांच्या हातात सोडून दिली आहे, असं मला वाटत होतं.

गोष्टी रेकॉर्ड करून विकणाऱ्या एका कंपनीला मी पहिली स्क्रिप्ट पाठवली. तिथला संपादक माझ्याच वयाचा, गोड बोलणारा. म्हणाला, "मराठवाड्याची आहेस ना? मग हडळ टाक की. विहीर, मोकळे केस, उलटी पावलं. लोकांना तेच हवंय." मी म्हटलं, मोकळ्या केसांची बाई मी लिहिणार नाही. तुमच्यासाठी तो एक एपिसोड असतो. आमच्याकडे तो ऐकून झाल्यावर लोक शेजारणीकडे बघतात. तो म्हणाला, "तू फार सिरियसली घेतेस." हो, घेते.

मग सुरू झाले कोरडे महिने. पत्रकाला तारीख असते. मोर्चा सोमवारी असेल तर पत्रक शनिवारी छापून यावं लागतं. रडत का होईना, ते लिहून होतं. भयकथेची वाट कोण बघतंय? मी एकेक स्क्रिप्ट लिहायचे, उत्तर यायचं, "भूत कुठाय?" लेखकांना उमेद देणारे व्हिडिओ पाहिले. रोज पहाटे उठा म्हणे, आरशासमोर स्वतःला लेखक म्हणा म्हणे. मी म्हटलं. आरसा काही बोलला नाही. भाद्रपदात बॅग भरली आणि घरी आले. लिहिणं सोडायचं, हे जवळजवळ ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांबरोबर कळपामागे गेले. डोंगरावर ढग उतरला होता, चार हातांवरची मेंढी दगडासारखी दिसायची. मी माझं रडगाणं लावलं होतं. "अण्णा, भुताशिवाय भ्यायची गोष्ट लिहायची कशी?"

"चूप," अण्णा म्हणाले.

माझ्या रडगाण्यासाठी नव्हतं ते. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी थांबली होती. सगळा कळप थांबला होता. एकूण एक तोंड एकाच दिशेला. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं, नुसता श्वासांचा आवाज. कडेला एक मेंढी होती. मग धुक्यात काहीतरी करडं हललं आणि ती नव्हती. अण्णा कुऱ्हाड घेऊन "लांडगा!" अशी आरोळी ठोकत धावले, कुत्रं त्यांच्या पुढे. परत आले तेव्हा हातात मूठभर लोकर होती.

मी वळून कळपाकडे बघितलं. घंटी वाजत होती. सगळ्या चरत होत्या.

"ती ओरडली कावून न्हाई, अण्णा?"

"मेंढी वरडत न्हाई, माय. शेरडू वरडतंय. मेंढी गप ऱ्हाती."

"आन बाकीच्या?"

"त्यांला काय? त्या चरत्यात."

इतकी निखळ, इतकी शांत भीती मी कुठल्याच गोष्टीत ऐकली नव्हती, आणि ती माझ्या बापाच्या रोजच्या कामात पडलेली होती. आत्याचं पाणी बंद झालं त्या संध्याकाळीही वस्तीवर चुली पेटल्या होत्या. भाकरीचा वास आला होता. जेवले होते सगळे.

त्याच आठवड्यात आत्याच्या ओट्यावर बसून मी गोष्ट लिहिली. भूत नाही, बाई नाही. धुकं, कळप, थांबलेली घंटी, नेलेली एक, आणि पुन्हा चरायला लागलेल्या बाकीच्या. लिहून झाल्यावर पहिल्यांदा आत्याला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"ती मेंढी मी हाय न्हवं?"

"हो."

"मग मारलीस कावून?"

"भ्या वाटावं म्हणून, आत्या."

"मेल्याली मेंढी कुणाला भ्या दाविती गं? मेली म्हंजी सुटली. मी रोज सकाळी दार उघडून भायेर येती, तवा ह्यांची तोंडं येऊन बघ एकदा!" आणि ती हसली. पोटापासून, सूप हलेपर्यंत. "आण तिला माघारी."

"कशी आणू?"

"ते तू बघ. पुण्याला लिवायला गेलीस का भांडी घासायला?"

एवढी वर्षं मी तिच्या वतीनं ओरडत होते आणि तिला कधी विचारलंच नव्हतं की तुझ्या गोष्टीचा शेवट काय. तो तिच्याकडे तयार होता. मी नवीन शेवट लिहिला. तिसऱ्या संध्याकाळी ती मेंढी परत येते. लोकर फाटलेली, मान ताठ. कळप कोंडलेल्या जाळीबाहेर उभी राहते, ओरडत नाही, नुसती बघते. लांडग्यापुढे जागचा न हललेला कळप आता थरथरायला लागतो आणि जाळीच्या पलीकडच्या टोकाला एकमेकांवर चढतो. कळपाचा धनी उठतो आणि तिच्यासाठी जाळी वर करतो. इथे गोष्ट संपते.

पुण्याला परतून मी ती माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली. एक प्रत कंपनीला पाठवली, एक अण्णांच्या फोनवर. कंपनीचं उत्तर अजून नाही. पण मी पुढची लिहायला घेतली आहे. कामावरून आल्यावर, कॉटवर बसून, रूममेटच्या सीरियलच्या आवाजात. आरशाशी बोलणं बंद केलंय.

इथले लोक विचारतात, तू परत जाणार का? तुम्हालाही विचारत असतील. ज्या वस्तीवर माझा इतका राग आहे, तिचं बोलणं कानात असल्याशिवाय मला एक ओळ जमत नाही, एवढंच मी सांगू शकते.

परवा अण्णांचा फोन आला. आत्यानं ओट्यावर फोन ठेवून, आवाज पार वर करून, सगळ्या वस्तीला गोष्ट ऐकवली म्हणे. अंगणात कुणी आलं नाही. पण बाया आपापल्या कुडाआड उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या, हातातली कामं तशीच. गोष्ट संपली. मग एकीनं कुडाआडूनच विचारलं. इतक्या वर्षांत आत्याला कुणी काही विचारलं असेल तर ते पहिल्यांदा.

"भागाबाई, पर ती माघारी आलीच कावून? जायचं हुतं दुसरीकडं."

"तिचं घर हाय ते," आत्या म्हणाली. "कुठं जाईल?"