कुलूपबाईंची किल्ली

अपघात विभागातल्या मोठ्या सिस्टरना पाठीमागे सगळे कुलूपबाई म्हणत. कात्र्या, पट्ट्या, ब्लँकेटं, सगळं कपाटात आणि किल्ली कमरेला. सर्वांत जपलेली वस्तू म्हणजे गारठलेल्या माणसाचा खास थर्मामीटर. साधा चौऱ्याण्णवच्या खाली उतरतच नाही. शिकाऊ डॉक्टरांनी असे दोन फोडले, तेव्हा तिसरा बाईंनी कुलपात टाकला. वेळेला हाताशी नसलेली वस्तू असून नसून सारखीच, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

कामाला मात्र बाई वाघीण. गारठलेला म्हातारा आला की हातपाय चोळणाऱ्या नातेवाइकांना त्या फैलावर घेत. चोळायचं नाही, बसवायचं नाही, आडवाच ठेवायचा. गार पडलेलं हृदय एका हिसक्यानेही थांबतं. आणि अंग गार आहे, नव्वदच्या खाली आहे, तोवर कोणाला मेला म्हणायचं नाही.

एका हिवाळ्यात बाई दोन दिवस लेकीकडे गेल्या. सवयीने किल्लीही गेली. दुसऱ्या सकाळी त्यांचे म्हातारे वडील न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडलेले शेजाऱ्यांना सापडले. फोन येताच बाई निघाल्या, पण वाट दोन तासांची.

इकडे शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला बाईंच्याच विभागात आणलं. नव्या डॉक्टरने साधा थर्मामीटर लावला. चौऱ्याण्णव. कपाटाचं कुलूप फोडू का, असं आयाने विचारलं. फोडणाऱ्याला बाई जिवंत सोडतील का, म्हणत सगळे हसले. थोडे गारठलेत, एवढंच, असं ठरवून पायाच्या एक्स-रेसाठी म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं. उंबऱ्यावर चाक आदळलं आणि मान कलली.

बाई पोहोचल्या तेव्हा डॉक्टर घामाघूम होऊन छाती दाबत होता. बाईंनी कपाट उघडून थर्मामीटर स्वतः लावला. ब्याऐंशी.

"अजून गार आहेत," त्या म्हणाल्या. "थांबायचं नाही."

कोमट सलाईन, गरम ऑक्सिजन, कपाटातली सगळी ब्लँकेटं. नव्वद गाठायला तीन तास गेले. नव्वदलाही हृदयाची रेघ सरळच.

"आता लिहा," बाईच म्हणाल्या.

डॉक्टरची मान वर होईना. "सिस्टर, किल्ली कोणाकडेच नव्हती."

आपणच बापाला मारलं, हे बाईंना लख्ख कळलं होतं. त्यांनी थर्मामीटर पुसला, डबीत घातला, डबी कपाटात ठेवली. हात काय करतायत हे त्यांना समजलं तेव्हा कुलूप लागलं होतं आणि किल्ली कमरेला होती.