आभार कोणी मोजत नाही

“मॅडम, तुमची सायटेशन्स फारच कमी दिसतात.”

प्रमोशनच्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सुरुवातच अशी केली. मी सोलापुरात ज्वारीच्या जीनोमवर काम करते. हाताला माती लागत नाही. ज्वारीचा सगळा आनुवंशिक मजकूर कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि दुष्काळात तग धरायला लावणारे जीन्स त्यात शोधायचे, एवढंच. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरच्या संदर्भयादीत तुमचा पेपर नोंदवणं. जितक्या नोंदी, तितकं तुमचं वजन. माझं वजन भरलं नाही. सहयोगी प्राध्यापकपद हुकलं.

माझा जळफळाट झाला, कारण माझं काम लोक रोज वापरत होते. ज्वारीच्या जीनोमचा नकाशा अधूनमधून सुधारून निघतो आणि दर वेळी जीन्सचे पत्ते सरकतात. आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांना नवे नंबर दिले आणि तुम्ही जुना नंबर घेऊन गेलात, तर साडीच्या ऐवजी भांड्यांच्या दुकानात शिराल. तसंच हे. तुमची फाइल कोणत्या नकाशावरची आहे ते ओळखून पत्ते बदलून देणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि इंटरनेटवर फुकट ठेवला होता. कुठकुठले लोक तो वापरायचे आणि पेपरच्या शेवटी आवर्जून माझे आभार मानायचे. पण आमच्या धंद्यात आभार कोणी मोजत नाही. संदर्भयादीत आलात तरच तुम्ही आहात.

विभागप्रमुख पाटील सरांकडे उपाय तयार होता. “सोपं आहे. तुम्ही माझे पेपर साइट करा, मी तुमचे करतो. आणखी दोघांना घेऊ.”

“सर, तुमचं काम मधमाश्यांवर आहे.”

“मग? ज्वारीला फुलोरा येत नाही का?”

हसू आलं, पण मी नाही म्हणाले. असल्या देवाणघेवाणीने पद मिळवून मला झोप लागली नसती.

रविवारी कुर्डुवाडीला घरी गेले. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांना मी आभारांचे उतारे मराठीत करून वाचून दाखवले. मला कोणीतरी शाबासकी द्यावी, एवढीच इच्छा होती.

“लई लोकं नाव घ्यायलेत की गं तुजं! मग अडलंय कुटं?”

“हे धरत नाहीत, दादा. यादीत नोंद करावी लागते.”

“मग तसं सांग की त्यास्नी.”

इथेच तर मी चुकले होते. कारण कितीतरी जणांनी मला मेल करून विचारलं होतं, तुमचा प्रोग्रॅम साइट कसा करायचा? आणि मी प्रत्येकाला कळवलं होतं, त्याची काही गरज नाही, आभार मानलेत तरी पुष्कळ झालं. शेजारणीने डबा परत करताना काही घालून दिलं तर आई ‘कशाला उगीच’ म्हणायची, त्याच सुरात. शिवाय प्रोग्रॅमवर मी पेपरच लिहिला नव्हता. लोक नोंदवणार तरी काय?

मग लिहिला. पहिल्या जर्नलने परत पाठवला: यात नवीन काही नाही. खरंच नव्हतं. दुसऱ्या जर्नलच्या परीक्षकाने लिहिलं, “नवीन काही नाही, पण आमच्या लॅबचं याच्याशिवाय पान हलत नाही. यावर अजून पेपर नव्हता याचंच नवल वाटतं.” पेपर छापला गेला. प्रोग्रॅमच्या पानावर वरच ओळ टाकली: वापरलात तर हा पेपर नोंदवा. ती ओळ लिहिताना पेपर लिहिण्यापेक्षा जास्त घाम फुटला.

कोणी रागावलं नाही. जे आभार मानत होते तेच नोंदवू लागले.

पुढच्या मुलाखतीत दुसऱ्या तज्ज्ञांनी विचारलं, “एवढासा पेपर. एवढा कसा चालतो?”

“लोकांचं काम त्यावाचून अडतं, सर.”

पद मिळालं. आनंदाने मी जिन्यातच उभी राहून दादांना फोन लावला.

“झालं, दादा!”

“व्हय? लई ब्येस!” मग म्हणाले, “आन् लोकं आता आभार मानत न्हाईत व्हय गं?”

मानतात की. प्रोग्रॅम आजही फुकटच आहे. फक्त ‘साइट कसं करू?’ असं कोणी विचारलं, की मी ‘कशाला उगीच’ म्हणत नाही. पेपरची लिंक पाठवते.