वाटीवर आडवा धरलेला हात

मंडळी, सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत, म्हणून लगेच लिहितोय.

मेहुण्याचं केजला बियाण्यांचं दुकान आहे. बियाणं कंपनीने त्याच्यासारख्या दुकानदारांना थायलंडची सहल दिली, सोबत मीही क्राबीला आलो. तीन दिवस झाले, आमची माणसं समुद्राकाठी बसून घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीच खातायत. मेहुणा म्हणतो, "दाजी, बाहेरचं कायबी खाऊ नका, लई तरास व्हईल."

पण मांजरसुंब्याला माझा ढाबा आहे. जिथं ट्रक जास्त थांबतात तिथलं जेवण चांगलं, एवढं मला कळतं. आज उजाडताच एकटा निघालो. समुद्र आणि आभाळ वेगळं दिसतच नव्हतं. एका पत्र्याच्या शेडपुढं कोळ्यांच्या सहा-सात स्कूटर उभ्या होत्या. तिथंच बसलो.

एका म्हातारीने आलं घातलेली भाताची पेज दिली, त्यात मासा. पहिल्या घोटालाच डोळे मिटले. वाटी संपली तशी ती पळी घेऊन परत आली. मी सवयीने वाटीवर हात आडवा धरला. तिने हसत तो अलगद बाजूला सारला आणि वाढलं. वाफ, लाटांचा आवाज... मी कुठल्या देशात आहे, तेच विसरलो.

मग आठवले माझ्या ढाब्यावर येणारे तमिळ ट्रकवाले. तेही ताटावर हात धरतात, आणि मी लगेच पुढच्या टेबलाकडं वळतो.

तुम्हीच सांगा, त्यांचं पोट खरंच भरलेलं असायचं का?